हेमांगी आर

चिठ्ठीवर लिहिलं होतं — प्रतिकूल.

मी घडी घातली. पुन्हा उघडली. तेच!

"बदलायची का?" शेजारून आवाज आला. त्याच्या हातात 'अनुकूल' होती आणि शर्टावर क्रमांक सहा. माझ्यावर सात. वादविवाद स्पर्धेत नावं सांगायची नव्हती, आडनाव ऐकून कोणी गुण देऊ नयेत म्हणून.

"का, घाबरलास?"

"छे! तुझा चेहरा बघून दया आली."

"दया ठेव जपून. खंडनाला लागेल."

तो हसला. समोरचा एक दात कोपऱ्यात तुटलेला... कुठे पाहिलाय हा दात?

विषय

'वेगवेगळ्या थरांतली मुलं एका वर्गात बसली, की एकमेकांची होतात.'

मला सिद्ध करायचं होतं — होत नाहीत. तसं सोपं होतं. मी स्वतःच पुरावा होते. गरीब घरांतल्या मुलांसाठी खासगी शाळेत पंचवीस टक्के जागा असतात ना, त्यातली मी. आरटीईवाली. कल्याणच्या इंग्रजी शाळेत फी न भरता शिकलेली.

फक्त हे कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं. आणि नौपाड्यातल्या त्या गारेगार हॉलमध्ये माझ्या तीन मैत्रिणी मागच्याच रांगेत बसल्या होत्या.

क्रमांक सहा, अनुकूल

"अध्यक्ष महोदय, चौथीपर्यंत मी कल्याणला शिकलो. आमच्या वर्गात एक मोठं कुटुंब होतं. बाई हजेरी घ्यायच्या — साईनाथ आर, बंटी आर, हेमांगी आर..."

माझं पेन थांबलं.

"सहा जण! मला वाटायचं, सगळी चुलत भावंडं. आडनाव राऊत असणार, नाहीतर राणे." हॉल हसला. "हेमांगीच्या डब्यात जवळा असायचा, बारीक सुकी कोलंबी, भाकरीत गुंडाळलेली. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, जवळा आमच्याकडेही व्हायचा. पण वास येतो म्हणून मम्मी शाळेत द्यायची नाही. मग मी हेमांगीचा खायचो. ती कोळ्यांची, मी कॅथलिक. जवळा एकच! कोण कुठल्या थरातलं, आम्हाला कुठे माहीत होतं?"

घंटा. टाळ्या.

तो दात. पाण्याच्या टाकीच्या नळावर आपटलेला. केव्हिन...

तो येऊन बसला. "कसं झालं?"

"छान. ती हेमांगी आता कुठे असते रे?"

"शोधतोय ना! हेमांगी राऊत चार सापडल्या. नागपूरची तर मला दर वाढदिवसाला विश करते."

मला हसू आलं. रागही आला. दोन्ही एकदम कसे येतात?

"तू का विचारतेस पण?"

"क्रमांक सात!" माइकवरून पुकारा झाला.

क्रमांक सात, प्रतिकूल

टिपणं मी खुर्चीवरच ठेवली.

"अध्यक्ष महोदय, आर हे आडनाव नव्हतं. आर म्हणजे आरटीई. फी न भरणारी मुलं पटकन ओळखता यावीत म्हणून हजेरीपटात नावापुढे लिहिलेलं अक्षर. मी हेमांगी आर. नाव सांगितलं, गुण कापा."

कोणी हसलं नाही. मी मागच्या रांगेकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघितलं.

"आधीच्या वक्त्यांनी जवळ्याची गोष्ट अर्धीच सांगितली. मधल्या सुट्टीत ते माझा डबा खायचे, खरंय. सुट्टी संपली की वर्गात वास राहायचा. सगळे नाक धरायचे. तेही धरायचे."

पहिली घंटा.

"एका बाकावर बसवणं सरकारला जमतं. पुढचं बसणाऱ्यानेच करायचं असतं. ते आपोआप होत नाही... म्हणून मी प्रतिकूल."

खंडन

त्याला दोन मिनिटं होती. तो माइकपाशी गेला.

"मला खंडन नाही," तो म्हणाला. "धरायचो."

निकाल

माझे गुण कापले, तरी दुसरी आले. मैत्रिणी धावत आल्या. "येडी, आधी सांगायचंस ना!" एवढंच म्हणाल्या. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते?

तो जिन्यात थांबला होता.

"हेमांगी... सॉरी."

"हं."

"आडनाव काय तुझं?"

"मढवी."

"म वरून?" त्याने कपाळावर हात मारला. "दहा वर्षं चुकीच्या अक्षरात शोधत बसलेलो यार!"

"का शोधत होतास पण?"

तो जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवत राहिला. मग म्हणाला, "जवळा अजून आवडतो?"

"चौथीनंतर डब्यात नेला नाही कधी."

पुढचा शनिवार

बक्षीस समारंभ. तोच हॉल, तोच एसी. प्रमुख पाहुणे एकतेवर बोलत होते. केव्हिन माझ्या शेजारी, मांडीवर स्टीलचा डबा. आणि त्याने — भर भाषणात — झाकण उघडलं.

वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. माना वळल्या.

"कोणी आणलंय हे?"

माझी मान आपोआप खाली गेली. चौथीत जायची, अगदी तशी.

"मी," केव्हिन उठून उभा राहिला. कान लाल. "माझा डबा आहे. जवळा. कोणाला हवाय का?"

तो बसला. मी हळूच विचारलं, "मम्मीने केला?"

"मी केला. खाऊन सांग ना..."

खारट! भयंकर खारट होता.

"बोल. कसा झालाय?"

"अनुकूल," मी म्हणाले.

पुढच्या बाईंनी आमच्याकडे बघत नाकाला रुमाल लावला. केव्हिनने ते पाहिलं. या वेळी त्याने नाक धरलं नाही.

माझा हात धरला.