डावा तळवा

हा प्रसंग शंभर टक्के खरा आहे. सांगणारी बाई भूलतज्ज्ञ आहे. म्हणजे तिचा धंदाच लोकांना काही कळू न देण्याचा. पण तेवढं चालवून घ्या.

वेळ भरदुपारची. सिनेमातली भुतं सहसा ही टाळतात.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आणायची खोली. एकच खाट भरलेली, तिच्यावर चार वर्षांची चिमुरडी. हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. जागी झाल्यावर दुखू नये म्हणून बाईंनी तिला माकडहाडापाशी इंजेक्शन दिलं होतं. कमरेखाली सगळं बधिर.

उशाशी बाप. रंगारी. नखांत पांढरा रंग. पोरीचे पाय कायमचे तर नाही ना गेले, हे त्याचं चारदा विचारून झालं होतं. संध्याकाळपर्यंत येतील, जातात कुठे, हे बाईंचं चारदा सांगून झालं होतं.

बाईंनी बर्फाचा खडा तिच्या तळपायाला लावला.

"गार लागतंय का गं?"

"नाही."

बाईंनी हात काढून घेतला.

आणि पोरगी खुदकन हसली...

"आई, गुदगुल्या नको ना."

गुंगीत पोरं कोणालाही काहीही म्हणतात. मागे एकाने बाईंना हवालदार म्हटलं होतं.

पण बाईंचा हात आता पायावर नव्हता.

कोणाचाच नव्हता...

तरी डाव्या तळव्यात खळगे उमटले होते. बोटं दाबल्यासारखे.

बाप भिंतीकडे बघत बोलला. तिची आई गेल्या वर्षी गेली. झोपवताना ती डावाच तळवा चोळायची. उजव्याला हात लावला की पोरगी लाथ मारायची.

बाईंनी त्याला मज्जातंतू, मेंदू, गुंगी, सगळं समजावलं. तो मान डोलावत राहिला. ऐकता ऐकता त्याने पायथ्याच्या स्टुलावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

कोणाला तरी बसायला जागा हवी, तशी.

दिवेलागणीला बाईंनी पुन्हा बर्फ लावला.

"गार!" पोरीने पाय ओढून घेतला.

खळगे नव्हते.

तिने पायथ्याकडे पाहिलं. मग बापाकडे. "आई कुठे गेली?"

आणि रडायला लागली.

बाप बाईंच्या मागोमाग दारापर्यंत आला.

"मॅडम, ते इंजेक्शन अजून एकदा देता येईल?"

"दुखतंय का तिला?"

"तिला नाही."

बाई आजही झोपताना पायांवर पांघरूण घट्ट खोचून घेतात.

पोरीला सकाळी घरी सोडलं. परत यायची गरज नव्हती. टाके आपोआप विरघळणारे होते.