बाराव्या दारावरची फुली

दुपारी ताईनं त्याला मागच्या खोलीतून जादा गादी आणायला सांगितली. संध्याकाळी तिची नणंद मुक्कामाला येणार होती. तो गेला आणि बंद दारावर दोनदा टकटक करून उभा राहिला.

“अरे बाळ्या, आत गाद्या आहेत! त्या काय तुला ‘या’ म्हणणारेत?” ताई स्वयंपाकघरातून हसली.

तोही ओशाळून हसला. सवय हो, दुसरं काय! प्रवासी जहाजावर केबिन आवरण्यात अकरा वर्षं गेलेली. दोनदा टकटक, जरा थांबायचं, मगच दार उघडायचं. जहाज बुडून आता तिसरा आठवडा लागला होता. येणारा-जाणारा म्हणे, नशीबवान रे बाबा, वाचलास! ते ऐकलं की तो ताटावरून उठून जायचा.

कारण एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. धोक्याचा भोंगा झाला की आपल्या बारा केबिन बघायच्या, रिकाम्या झालेल्या दारावर खडूनं फुली मारायची. म्हणजे मागून येणारा सोबती तिथं वेळ घालवत नाही. त्या दिवशी अकरा दारं झाली. बाराव्यापाशी पाणी कमरेला लागलं आणि दिवे गेले. टकटक न करता त्यानं फुली मारली आणि पळत सुटला. मागचा सोबती बॅटरीच्या उजेडात ती फुली बघून परत फिरला.

त्या केबिनमध्ये एक आजोबा एकटेच होते. भोंगा ऐकून आधीच बाहेर पडले असतील का? त्यांचं नाव ना वाचलेल्यांच्या यादीत होतं, ना सापडलेल्या मृतांच्या.

“आलो हं... बूट घालतोय...”

आवाज गाद्यांच्या खोलीतून आला. रोज सकाळी टकटक केली की आजोबा हेच म्हणायचे.

ताई धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक. “आत कोण आहे रे?”

भिंतीला टेकून त्यानं सगळं भडाभडा सांगून टाकलं. ताई आता तोंडही बघणार नाही, असं त्याला वाटलं. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

“जीव कुणाला प्यारा नसतो, बाळ्या... पण आज पळू नकोस. मी आहे.”

त्यानं दार उघडलं. आत गाद्यांची चळत, आणि खाऱ्या पाण्याचा, डिझेलचा वास.

“सावकाश या, आजोबा. मी थांबलोय.”

गार हवा त्याला चाटून गेली. खांद्यावर कुणीतरी हलकेच थोपटलं. मग बुटांचा आवाज ओसरीवरून उतरून रस्त्याला लागला. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. ताईही रडली. किती दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. गादी काढून त्यानं दार ओढून घेतलं.

तेवढ्यात आतून टकटक झाली. दोनदा.

“अहो भाऊ... आमचंही आवरलंय,” एक बाई म्हणाली. मागे तान्हं मूल कुरकुरत होतं.

“बाळ्या,” ताईनं अगदी हळू विचारलं, “बाकीची अकरा दारं तू उघडून पाहिली होतीस ना रे?”

त्यानं आठवून पाहिलं. खरंच, खूप आठवून पाहिलं.