उतारावर उभी राहिलेली गाडी

अंधारातही जो साक्षी असतो, त्या नारायणाला आधी नमस्कार. भजन झाले आहे. दिवा मंद करा, बाळांनो, आणि जवळ बसा. आता सांगतो ती ऐकीव गोष्ट नव्हे. इथे ड्युनेडिनमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या लिंडसे टॅम्ब्लिनवर ती गुदरली आणि त्यानेच मला सांगितली.

लिंडसे आणि रॉस कॅल्डर या दोघा मित्रांची एक लाल, दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी होती. म्हातारपणी त्यांनी ठरवले, लिंडसेच्या गॅरेजात पेट्रोलचे इंजिन उतरवून तिला विजेवर चालवायचे. रॉसची अट एकच. ते इंजिन त्याने आपल्या वडिलांच्या हाताखाली जुळवले होते. ते घराबाहेर जाऊ द्यायचे नाही.

"इंजिन गेलं तर मी गेलो समज," तो म्हणायचा.

"जुन्या इंजिनांची टेबलं करतात लोक. तू गेलास तर तुझ्यावरच काच टाकून टेबल करतो," लिंडसे म्हणायचा.

पुढे रॉस इस्पितळात पडला. नव्या बॅटऱ्या ठेवायला गॅरेजात जागा हवी होती. लिंडसेने इंजिन भंगारात दिले आणि रॉसच्या बायकोला, मोइराला, कळू नये म्हणून त्याच्या जागी ताडपत्रीखाली एक जुनी पेटी ठेवली.

"कसं आहे रे माझं इंजिन?" रॉसने खाटेवरून विचारले.

"झोपलंय ताडपत्रीखाली. तुझ्यासारखं घोरत नाही एवढंच."

रॉस हसला. त्याच आठवड्यात गेला.

जूनमधला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातला मंगळवार, अमावास्येची आदली रात्र. मोइराचे रिकामे भांडे परत द्यायला लिंडसे तीच, आता विजेवर धावणारी गाडी घेऊन तिच्या चढावरच्या घरी गेला. मनाशी ठरवले होते, आज सगळे सांगून टाकायचे.

मोइराने चीज रोल गरम करून पुढे ठेवले. "इंजिन आहे ना रे नीट? शेवटपर्यंत तेच विचारत होता तो."

लिंडसेने घास गिळला. "आहे की."

जेवून तो बाहेर आला आणि फाटकातच थबकला. हातब्रेक ओढायचा राहिला होता. जुन्या सवयीने त्याने गाडी नुसती गिअरमध्ये टाकून ठेवली होती. पेट्रोलचे इंजिन चढावर गाडीला धरून ठेवते. विजेची मोटर धरत नाही. एव्हाना गाडी खाली बंदरात असायला हवी होती.

गाडी जागच्या जागी उभी होती.

रस्त्यावरच्या साऱ्या गाड्यांवर गोठलेले दव पांढरे पडले होते. हिच्यावर नव्हते. त्याने बॉनेटवर हात ठेवला...

गरम.

"रॉस?"

वारा नाही. कुत्रेसुद्धा नाही.

"मी... मी दिलं ते. भंगारात."

मग आत काहीतरी सुटले. धरलेली मूठ कोणी सोडावी तसे. गाडी आवाज न करता मागे सरकू लागली. लिंडसेने दार उघडून कसाबसा हातब्रेक ओढला.

मोइरा विजेरी घेऊन बाहेर आली. गाडी उभी होती त्या जागी तिने प्रकाश टाकला. रस्त्यावर काळ्या तेलाचे थारोळे. वाफ निघत होती.

"रॉसचं इंजिन असंच गळायचं," ती म्हणाली. मग तिने विजेरी लिंडसेच्या तोंडावर धरली.

"लिंडसे. इंजिन कुठंय?"

तो त्या थारोळ्याकडे पाहत राहिला. तिने पुन्हा विचारले नाही. आत जाऊन दार लावून घेतले. ते त्याच्यासाठी आजवर उघडलेले नाही.

दुसऱ्या दिवशी लिंडसेबरोबर त्याच गाडीतून मी तिथे गेलो होतो. त्या गाडीत तेलाचा थेंब लागेल असे इंजिन नाही, हे मी वाकून पाहिले. डाग मात्र होता. बोट लावले. सकाळच्या त्या थंडीतही तो कोमट होता.

नारायण तुम्हा सर्वांच्या जिभेवर खरेपण ठेवो. तुमच्या घरांतले दिवे तेवत राहोत, आणि तुमच्या भरवशावर डोळे मिटणाऱ्याला सुखाची झोप लागो.