दुसऱ्या फळीपासून

ते दार पहिल्या दिवसापासून धाकटीच्या मुळावर उठलं होतं. आतून ओढावं तर हलायचं नाही, बाहेरून ढकलावं तर अर्ध्यात रुतून बसायचं. त्या सकाळी एका हातात रंगाचा ब्रश धरून दुसऱ्या हातानं ती त्याच्याशी झटत होती, आणि नेमका त्याच वेळी बाहेरून कोणीतरी खांदा लावला. दार उघडलं. धाकटी दोन पावलं मागे गेली, हात वर गेला, आणि आत आलेल्या माणसाच्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत निळा पट्टा उमटला.

तो आधी शर्टाकडे बघत राहिला, मग ब्रशाकडे, आणि मग तिच्याकडे. तिच्याकडे जरा जास्तच वेळ.

"घड्याळ न्यायला आलो होतो," तो म्हणाला.

घड्याळजी आता इथे नसतात, दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेलेत, आणि ही जागा तिनं घेतलीय, हे तिनं एका दमात सांगितलं. मधे दोनदा माफीही मागितली. लोकांनी कधी नेलीच नाहीत ती घड्याळं घड्याळजी एका पत्र्याच्या डब्यात घालून तिच्या हवाली करून गेले होते. त्या डब्यात त्याला त्याचं घड्याळ सापडलं. वडिलांचं, चपटं, काचेला बारीक चरा गेलेलं. कानाशी धरून पाहिलं तर बंद. तरी त्यानं ते मनगटावर बांधलं.

"बंद घड्याळ घालून काय करणार?" तिला राहवलं नाही.

"उशीर झाला की कारण सांगता येतं."

एवढं बोलून तो निघायला हवा होता. पण तो वळला तो दाराकडे. कडेवरून अंगठा फिरवला, खाली वाकून पाहिलं, आणि दार फुगलंय, खालून जरा रंधा मारला की झालं, असा निकाल दिला. तो सुतार होता. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाला, आणि तासाभरात ते आडमुठं दार एका बोटानं उघडायला लागलं.

घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. तिच्याखाली दुसरं कोणी नव्हतं, आणि असतं तरी तिनं हा मान सोडला नसता. मावशीकडून ती आठ वर्षं भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते वाचायला शिकली होती. आता त्याचं दुकान काढते म्हटल्यावर दादानं कपाळावर हात मारला. वहिनी मात्र भक्कम पाठीशी उभी राहिली. तिचं म्हणणं असं, की लोक मन मोकळं करायला कुठे ना कुठे जाणारच, मग आपल्या धाकटीकडे आलेले काय वाईट.

जागा म्हणजे आठ फूट रुंद, बारा फूट लांब बोळकांडी. भिंतीवर वर्षानुवर्षं घड्याळं टांगलेली, त्यामुळे ती काढल्यावर सात फिकट गोल उरले होते. धाकटीनं ते बुजवले नाहीत. भोवतीनं गडद निळा रंग दिला आणि गोल तसेच ठेवले. भिंतीवर सात चंद्र उगवले. वहिनी डबा घेऊन आली, चंद्र मोजले, आणि म्हणाली, "आम्हाला बाई एक पुरतो."

दारानंतर टेबल आलं. पत्ते मांडायचं ते गोल टेबल एका पायानं लंगडत होतं. त्यानंतर पडद्याची दांडी, कारण पुढे वाट बघणाऱ्यांचा बाक आणि मागे वाचनाची जागा असं तिच्या मनात होतं. मग फळ्या. पहिली फळी त्यानं नेहमीच्या उंचीवर ठोकली. धाकटीनं टाचा उचलून तिच्यावर मेणबत्त्यांची बरणी ठेवली आणि कौतुकानं छान झालीय म्हणाली. खरं तर बरणी ठेवताना तिची बोटं जेमतेम पोचली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरी फळी लावली ती चांगली वीतभर खाली. तिनं हात लांब केला तर तळवा अलगद फळीवर टेकला. ना टाचा उचलायला लागल्या, ना खांदा ताणायला लागला.

"ही तुमच्या हाताची," तो म्हणाला.

"माप कधी घेतलंत?"

"काल. तुम्ही टाचा उचलल्यात तेव्हा."

त्यानंतर बराच वेळ धाकटी एकच बरणी पुसत होती. तो खाली वाकून खिळे वेचत होता... आणि खिळे काही एवढे सांडले नव्हते.

मोठ्या आकारात छापून आणलेली, पत्त्यांतल्या सात पानांची सात चित्रं त्यानं चौकटीत बसवून दिली होती. पडद्याचं कापड आणायला धाकटी बाहेर गेली तेवढ्यात त्यानं ती बाकाच्या वर टांगूनही टाकली. परत येऊन ती बघते तो सहा चित्रं जागच्या जागी, आणि सातव्यातला माणूस एका पायावर उभा राहून चक्क नाचतोय. केस वाऱ्यानं उडाल्यासारखे वर, आणि झाड पायाखाली.

"याचं काय झालं?" तिनं विचारलं.

"छापणाऱ्यानं घोळ घातला होता. बिचारा डोकं खाली करून लटकत होता. मी सरळ केला."

धाकटी हसत सुटली ती जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर बसलीच. त्याचा चेहरा एवढा गंभीर होता की तिला आणखी हसू यायला लागलं. डोळे पुसत तिनं समजावलं, की या पानावरचा माणूस उलटाच असतो. त्याला कोणी टांगलेलं नाही, तो आपल्या मर्जीनं लटकलाय. घाई सोडून वाट बघायची, जग जरा त्या बाजूनं बघायचं, एवढंच त्याचं सांगणं.

सुतारानं मान तिरकी करून चित्राकडे पाहिलं. "वाट बघायला एवढं उलटं कशाला व्हायला हवं? एखादं काम काढून बसलं की झालं."

आणि मान तिरकी ठेवूनच त्यानं तिच्याकडे पाहिलं. धाकटीला एकाएकी आठवलं की कापड भिजवायचं राहिलंय.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दादानं बढतीचं विचारायला वहिनीच्या हाती निरोप धाडला होता, आणि धाकटीनं साफ कानावर हात ठेवले होते. ते ऐकून सुतारानं कारण विचारलं, तेव्हा तिनं मावशीचा नियम सांगितला. ज्याच्यात आपला जीव अडकलाय त्याची पानं वाचायची नाहीत. पान खोटं बोलत नाही, वाचणारा खोटं वाचतो, त्याला हवं तेच दिसतं. म्हणून दादा, वहिनी, मावशी आणि स्वतः ती, या चौघांसाठी तिचे पत्ते बंद.

"म्हणजे माझी वाचता येतील," तो कानावरची पेन्सिल काढत म्हणाला होता.

"येतील की," ती म्हणाली होती. तेव्हा ते खरंही होतं.

तेव्हापासून तो रोज विचारायचा, कधी वाचताय माझी पानं? पहिले काही दिवस खरोखरच सवड नव्हती. पुढे ती सबबी सांगायला लागली. आज रंग ओला आहे. आज टेबल हलतंय. त्यानं टेबल ठीक केलं तर म्हणे उजेड कमी आहे. उद्घाटन झालं की पहिली तुमचीच, असं तिनं शेवटी कबूल केलं, आणि त्याच दिवसापासून उद्घाटनाची तारीख पुढे ढकलायला लागली. कधी पडद्याला आणखी एक कडी हवी व्हायची, कधी बाकाची पाठ टोचायची. सुतारही काही कमी नव्हता. सरळ असलेली फळी तो पुन्हा पाणसळ लावून तपासायचा. वहिनीनं हे सगळं पाहिलं, आणि एवढ्याशा खोलीला एवढं सुतारकाम लागत असेल तर राजवाड्याला किती जन्म लागत असतील, असं पडद्यालाच विचारून घरी गेली.

पण खोली शेवटी बारा फुटांचीच. काम संपलं. शुक्रवारी दुकान उघडायचं ठरलं, आणि बुधवारी सुतारानं एक बातमी आणली. दोन तासांवरच्या गावात नवं वाचनालय बांधून झालंय, सगळी कपाटं करायला त्याला बोलावलंय. काम सहा महिन्यांचं, राहायला तिथेच. शनिवारपर्यंत उत्तर कळवायचंय.

"चांगलं आहे की," धाकटी म्हणाली, आणि झाडलेली खोली पुन्हा झाडायला लागली.

लोकांच्या मनातलं सांगायला दुकान थाटलं होतं आणि स्वतःच्या मनातलं एक वाक्य तिला बोलता येत नव्हतं. आपण काही बोललो नाही तर तो जाणार. आणि बोललो, आणि त्याच्या मनात तसं काही नसलं तर... तर या फळ्यांकडे रोज कोणत्या तोंडानं बघायचं?

शुक्रवारी सकाळपासून बारीक पाऊस होता. वहिनी पडद्यामागे चहाचे कप मांडत होती. दारावरची घंटा वाजली. दार एका बोटानं उघडलं आणि सुतार आत आला. अंगात तोच शर्ट होता. धुऊन इस्त्री केलेला, निळा पट्टा जसाच्या तसा.

"पहिली माझी," तो खुर्चीत बसत म्हणाला. "जाऊ की नको, एवढंच विचारायचंय."

तिनं रुमालातून पत्ते काढले. पिसले. त्यानं डाव्या हातानं कापले. तीन पानं तिनं पालथी मांडली आणि पहिल्यावर बोट ठेवलं. तेव्हा तिला स्पष्ट कळलं, की पान कोणतंही निघो, ती त्यातून 'जाऊ नका' असंच वाचणार. आणि मोठेपणा करायचा ठरवला तर 'जा' वाचेल. दोन्ही खोटंच. पहिल्याच दिवशी, पहिल्याच माणसाशी, आणि तेही याच्याशी खोटं बोलून हे दुकान तिला सुरू करायचं नव्हतं.

तिनं तिन्ही पानं न उलटता परत गड्डीत घातली.

"मला तुमची पानं वाचता येणार नाहीत."

"माझं काही चुकलं?"

"नाही."

तो वाट बघत थांबला. ती गड्डी रुमालात गुंडाळत राहिली. मग तो उठला, हळू आवाजात बरं म्हणाला आणि बाहेर पडला. घंटा वाजली. पडद्यामागे वहिनीच्या हातातला कप बशीवर आपटला.

काचेतून धाकटीला तो दिसत होता. चार पावलं जाऊन तो पावसात थांबला होता. बंद घड्याळाकडे बघत होता. मग त्यानं बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार... पाचव्या बोटावर हात थांबला, आणि मान वर झाली.

घंटा पुन्हा वाजली. केसांतून पाणी ठिबकत तो उंबऱ्यात उभा राहिला.

"दादा, वहिनी, मावशी, आणि तुम्ही स्वतः," तो म्हणाला. "चारच जण होते ना?"

"होते."

"पाचवा कधीपासून?"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. धाकटीनं भिंतीकडे पाहिलं.

"दुसऱ्या फळीपासून."

तो खुर्चीत बसला तो बसलाच. मग हसायला लागला, आधी डोळ्यांनी, मग सगळ्या चेहऱ्यानं. "मला वाटलं होतं माझंच एकट्याचं चाललंय. हे सगळं आठ दिवसांचं काम होतं. मी महिना लावला. असला कामचुकारपणा जन्मात केला नव्हता."

"मला कळलं होतं," ती म्हणाली. खरं तर तिला काही कळलं नव्हतं, नुसती आशा होती.

"मग आता पानं राहू द्या. तुम्हीच सांगा. जाऊ की नको?"

मनातलं एकदा बोलून टाकल्यावर बाकीचं सोपं होतं.

"जा. एवढं मोठं काम सोडू नकोस," ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. "पण एक आहे. हे दार दर शनिवारी अडकणार आहे."

"हे दार मी नीट केलंय. अडकायचं नाही."

"अडकणार."

त्यानं दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. या वेळी त्याला बोटं मोजावी लागली नाहीत.

"रंधा घेऊन येईन," तो म्हणाला. पडद्यामागून वहिनी म्हणाली, की चहा गार होतोय आणि कप तीन भरलेत.

सोमवारी तो गेला. आठवडाभर दुकानात बऱ्यापैकी वर्दळ होती. धाकटीनं एका शिंप्याची, दोन परिचारिकांची आणि एका निवृत्त मास्तरांची पानं वाचली. बाकावर बसलेली माणसं वर बघून विचारायची, या चित्रातला माणूस एका पायावर का नाचतोय? मधे उलटा टांगलेला तो तिनंच पुन्हा सरळ केला होता. वाट बघून झाली त्याची, असं ती सांगायची.

शनिवारी दुपारी शेवटचं माणूस गेल्यावर तिनं दार लोटलं, आतून हळूच कडी घातली, आणि बाकावर बसून राहिली. चार वाजून गेले. साडेचार. मग कोणीतरी बाहेरून ढकललं.

"अडकलंय," ती आतून म्हणाली.

"बघतो," बाहेरून आवाज आला.

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "घड्याळ बंद आहे."