येते म्हणाली होती

वहिनीने समुद्रापलीकडून पाठवलेला फोन दिसायला देखणा होता, पण नव्या मालकिणीचं एक ऐकेल तर शपथ. तिने आपलं प्रीपेड सिम आत सरकवलं की तो पडद्यावर लिहायचा, हे चालणार नाही. शेवटी रफूचं दुकान तासभर बंद करून ती दोन गल्ल्या पलीकडच्या मोबाईलवाल्याकडे निघाली, आणि त्याच्या दारातच बाहेर येणाऱ्या त्याच्यावर आदळता आदळता राहिली.

“सावकाश,” तो म्हणाला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि कपाळावर चढवलेलं भिंग उगाचच डोळ्यावर ओढलं. त्यातून त्याचा एक डोळा एवढा मोठा दिसत होता की तिला हसू आवरेना.

वहिनीने परदेशातून पाठवलाय, हे तिच्याकडून ऐकत त्याने फोन उलटासुलटा केला. “याला कुलूप आहे. ज्या कंपनीकडून घेतलाय, तिचंच सिम घेणार. दुसरं कुणी चालायचं नाही.”

“एकनिष्ठ दिसतोय.”

“हो ना… बिचाऱ्याला घर बदलल्याचं कुणी सांगितलंच नाही.” तो खाली बघूनच बोलत होता. “वहिनींना त्या कंपनीकडून कोड मागवायला सांगा. आला की मी उघडून देतो. तोवर हा माझा जुना वापरा.”

त्याने खणातून बटणांचा फोन काढला आणि तिचं सिम त्यात बसवलं. फोन मुकाट सुरू झाला.

“येते हं,” ती पायरी उतरताना म्हणाली.

“नक्की?” त्याने विचारलं.

हा काय प्रश्न झाला, असं मनाशी म्हणत ती गेली. पण तो ‘नक्की’ दिवसभर सुईच्या टोकाशी घुटमळत राहिला.

वहिनीला मात्र घाई होती. फोन पाठवण्यामागे तिचा डाव होता. तिच्या ऑफिसात एक सद्गृहस्थ होते, शांत, शिकलेले, आणि त्यांना शुक्रवारी व्हिडिओवर बोलायचं होतं. “नुसतं बोलून तर बघ,” ती म्हणायची, “बोलल्याने काय अंगाला भोकं पडतात?” अंगाला नाही पडत, पण एकदा हो म्हटलं की वहिनी थेट तिकीटच पाठवेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग हे दुकान, ही गल्ली, सगळंच सुटणार. बटणांच्या फोनवर कुणाचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्याचं तिला बरं वाटू लागलं होतं.

कोड आला का, ते सांगायला ती संध्याकाळी त्याच्या दुकानात जायची. आला नाही, एवढंच सांगायचं असायचं. त्याला कितीसा वेळ लागतो? पण बाहेरचा उजेड पिवळा व्हायचा, निळा व्हायचा, आणि ती उंच स्टुलावर बसलेलीच. तो केसाएवढ्या तारा जोडायचा. ती त्याच्या स्वेटरची उसवलेली बाही मांडीवर घेऊन धाग्यात धागा मिसळायची. दोघंही फारसं बोलत नसत. कधी त्याला पकड हवी असायची आणि ती मागण्याआधीच पुढे करायची. मग बोटांना बोटं लागायची, आणि दोघंही काही झालंच नाही असं दाखवायची.

“बाही शिवून होत नाही का अजून?” एकदा त्याने विचारलं.

“झाली होती. पुन्हा उसवली.”

“आपोआप?”

“तुम्ही तुमचं काम बघा.”

गुरुवारी सकाळी कोड आला. तिने तो खडूने कापडाच्या चिंधीवर लिहून घेतला आणि चिंधी सुयांच्या डबीत दडवली. संध्याकाळी ती त्याच्याकडे गेलीच नाही.

शुक्रवारी दुपारी एका गिऱ्हाईक बाईंनी तिचा नंबर मागितला. तोंडी सांगण्याऐवजी तिने तो बटणांवर दाबून दाखवला. शेवटचा आकडा पडला, आणि त्याच्यावर एक नाव उमटलं.

‘येते’.

बाई नंबर घेऊन गेल्या, तरी ती तशीच उभी होती. मग तिने डबीतून चिंधी काढली आणि संध्याकाळी त्याचं दुकान गाठलं.

त्याने मान खाली घालून कोड दाबला. देखणा फोन हलकेच उघडला. “झालं,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कसलाही आनंद नव्हता.

तिने बटणांचा फोन त्याच्यासमोर ठेवला. “हे काय आहे?”

पडद्याकडे बघताच त्याचे कान लाल झाले. “गावभराच्या फोनमधले नंबर पुसून देतो मी… स्वतःचेच राहिले.”

“पण माझा नंबर तुमच्याकडे कसा?”

“गेल्या हिवाळ्यात तुमचा रिचार्ज अडकला होता. झाला की कळवायला नंबर घेतला. नाव विचारायचं राहिलं. जाताना तुम्ही ‘येते’ म्हणालात, तेच लिहिलं.” त्याने भिंग डोळ्यावर ओढलं. “मग आलाच नाहीत.”

“अहो, ‘येते’ सगळेच म्हणतात. निघताना ‘जाते’ कोण म्हणतं?”

“माहीत आहे. सगळ्यांचं मी मनावर घेत नाही… तुमचं घेतलं.”

तिने सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं, आणि ते बसतंय न बसतंय तोच फोन वाजला. पडद्यावर वहिनी, नटूनथटून.

“तयार आहेस ना? त्यांना जोडते.”

“नको, वहिनी. त्यांना माझ्याकडून नमस्कार सांग. माझं मन इथे गुंतलंय.”

“इथे म्हणजे कुठे?” वहिनी पडद्याजवळ आली. “आणि मागे तो एका डोळ्याने बघणारा कोण?”

“तोच,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

भिंग कपाळावर सारायला तो विसरला होता, आणि तो मोठा डोळा काठोकाठ भरला होता. बाहेर दिवे लागले. तिने पर्स उचलली, पुन्हा ठेवली.

“आज ‘येते’ नाही म्हणालात,” तो हळूच म्हणाला.

“निघाले तर म्हणेन ना.”

तिने स्टूल पुढे ओढलं आणि स्वेटर मांडीवर घेतला.