काळ्या खडकावरच्या एकतीस होड्या

"एकतीस होड्या, जागा एकच, आणि एकदाही टक्कर नाही! कसं काय?" नोंद्याने मला तिसऱ्यांदा विचारलं.

नोंद्या म्हणजे आमच्या शिंपलेवाडीच्या मच्छीमार सोसायटीत महिन्यापूर्वी आलेला रोबो. उंची माझ्याएवढी, चौकशा मात्र शंभर माणसांच्या. त्याचं कामच ते. वेगवेगळ्या बंदरांतल्या सोसायट्या आपली विदा (साठवलेली माहिती) कशी सांभाळतात ते पाहायचं, त्या पद्धतींची तुलना करायची आणि आम्हाला कोणती बरी ते सांगायचं. शाळा सुटली की मी तिथेच पडीक असायची.

भिंतीवरच्या नकाशात सगळ्या होड्या काळ्या खडकापाशी एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या दिसत होत्या. रोजच दिसायच्या.

"आणि परत येताना कोणाकडे सुरमई, कोणाकडे बांगडा, कोणाकडे कोळंबी!" नोंद्या म्हणाला. "तेजल, माझं गणितच जमत नाही गं."

उत्तर मला माहीत होतं, पण बाबांनी शपथ घातली होती. प्रत्येक होडीवर ठिकाण कळवणारी एक डबी असते. तिची खबर सोसायटीच्या नकाशावर उमटते आणि तो नकाशा कोणीही पाहावा. पण आमचे तांडेल (होडीचे प्रमुख) कसले बेरकी! जाताना डबी काळ्या खडकापाशी तरंगणाऱ्या बोयाला बांधायची, गुपचूप आपल्या जागी जाऊन जाळं टाकायचं आणि येताना डबी सोडवून आणायची. चांगल्या मासळीची जागा कोण कोणाला सांगतो हो?

तेवढ्यात रेडिओ खरखरला. बाबांचा आवाज होता. "खालची फळी फुटलीय... पाणी भरतंय..." आणि आवाज तुटला.

सोसायटीच्या अध्यक्ष सुभद्रामावशींनी लगेच बचावनौका काळ्या खडकाकडे पिटाळली. वीस मिनिटांनी तिकडून निरोप आला, "इथे एकही होडी नाही. बोयाला बांधलेल्या एकतीस डब्या आहेत."

शपथ गेली खड्ड्यात! मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. पण बाबांची खरी जागा मलाही ठाऊक नव्हती.

"म्हणजे डब्या बिघडल्या नव्हत्या," नोंद्या हळूच म्हणाला. "नियम चुकला होता."

दारात जयवंतकाका टोपी चुरगळत उभे होते. त्यांची होडी दुरुस्तीला लागली होती, म्हणून ते त्या दिवशी किनाऱ्यावर होते. त्यांचं आणि बाबांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. का, ते कोणीच सांगत नसे. आत्ता त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"काका, तुमचं भांडण जागेवरूनच ना? तुम्ही दोघं एकाच जागी जाळं टाकता! तुम्हाला ठाऊक आहे!"

काकांनी खोलीतल्या माणसांकडे पाहिलं. "आहे ठाऊक. माझ्या एकट्याची जागा असती तर ओरडून सांगितली असती, पोरी. पण ती तुझ्या बापाचीही आहे. उद्या सगळं बंदर तिथे लोटलं तर तो मला काय म्हणेल?"

"काका, तुम्ही ती फक्त बचावनौकेला सांगा," नोंद्या पुढे सरकला. "फक्त आजच्यापुरती. कोणी ऐकली, कशासाठी ऐकली, याची नोंद राहील. जागा मात्र मी माझ्याकडे ठेवणार नाही."

काका रेडिओपाशी वाकले आणि सुभद्रामावशींनी आम्हा सगळ्यांना मागे ढकललं.

मग नुसतं वाट पाहणं. रडण्यापेक्षा काहीतरी विचारलेलं बरं, म्हणून मी विचारलं, "दुसऱ्या बंदरांत काय करतात रे?"

"मी प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी विचारतो," नोंद्या म्हणाला. "माहिती कोणाची? ती कोणी आणि कशासाठी पाहायची? आणि ती खरी ठेवणं कोणाचं काम? हे ठरवण्याला विदा-कारभार म्हणतात. तुमची पद्धत केंद्रित, म्हणजे सगळं एका जागी. सापडायला सोपं. पण सगळ्यांना सगळं दिसतं, म्हणून लोक खोटं सांगतात."

"आणि दुसरी?"

"विखुरलेली. ज्याचं त्याच्याकडे. उत्तरेच्या एका बंदरात पाहिली. माहिती अगदी खरी, पण अडचणीच्या वेळी कोणाच्या हाताला लागत नाही."

बाबांची जागा आत्ता तशीच होती, बाबांबरोबर समुद्रात.

"तिसरी संघीय. माहिती ज्याची त्याच्याच मालकीची, पण नियम सगळ्यांनी मिळून केलेले. होडीची खरी जागा कुलपात राहते. संकट आलं तरच नेमलेला राखणदार ते उघडतो, आणि कधी उघडलं ते मालकाला कळतं."

"मग तीच भारी! सगळ्याला तीच लावायची."

"वारा किती सुटलाय तेही कुलपात ठेवशील?"

"छे! ते सगळ्यांना कळायलाच हवं."

"मग वाऱ्याला पहिली पद्धत बरी."

मी विचार करून म्हटलं, "म्हणजे आधी माहिती कसली आहे ते बघायचं, मग पद्धत ठरवायची?"

"हे मोठ्या माणसांना समजावताना माझी बॅटरी संपते," नोंद्या म्हणाला.

रेडिओ पुन्हा खरखरला. "सापडले. होडीवरचे तिघेही सुखरूप आहेत. होडी ओढून आणतोय." सुभद्रामावशींनी मला जवळ घेतलं आणि मी त्यांचा पदर भिजवून टाकला. जयवंतकाका खालीच बसले.

पुढच्या आठवड्यात सोसायटीने नवे नियम केले. हवामान सगळ्यांसाठी खुलं, होडीची जागा कुलपात, राखणदार सुभद्रामावशी. डबी बोयाला बांधायची नाही आणि निघण्याआधी आपली जागा कुलपात नोंदवून ठेवायची, असंही ठरलं.

दुरुस्त होडी घेऊन निघण्याआधी बाबा आपली जागा नोंदवायला आले. नोंद्याने आधी त्यांना त्या दिवशीची नोंद दाखवली. तिच्यात एवढंच होतं: 'कोणी ऐकलं: बचावनौका. किती वेळा: एकदा. कशासाठी: जीव वाचवायला.' बाबांनी ती दोनदा वाचली. मग मागे वळून जयवंतकाकांना म्हणाले, "चल रे, मिळूनच नोंदवू."

आणि मला म्हणाले, "तेजल, बाहेर हो."

"मी? मीसुद्धा?"

"तूसुद्धा."

मला असा राग आला! धाडकन दार लावून मी पायरीवर जाऊन बसले. समोर बाकीचे तांडेल आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे होते. आत बाबा काहीतरी सांगत होते. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी दाराला कानही लावला नाही. आता बाबांना यायला उशीर झाला, तर त्यांना कुठे शोधायचं ते कळणार होतं.