पुरिता मावशीचा मुका कॉम्प्युटर

पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका. पण खोटं म्हणायचं असेल तर आधी आमच्या बडोक गावाला येऊन माझ्या मेहुण्याला, एल्मरला भेटा. मनचं रचून सांगायला त्याच्याकडे ना वेळ आहे ना तेवढं डोकं. हे मी त्याच्या तोंडावरही सांगतो.

नोव्हेंबर महिना होता. शनिवार.

रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती...

एल्मर घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याच्या पुरिता मावशीचे यजमान, डेल्फिन काका, नुकतेच गेले होते. मावशीला डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही. काका तिला रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचे. पुढे त्यांना डायलिसिससाठी दवाखान्यात जावं लागायला लागलं. आपण नसताना ही एकटी पडायला नको, म्हणून त्यांनी स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवला. बातम्या, नातेवाइकांची पत्रं, शेजाऱ्यांच्या चहाड्या, सगळं.

आता फोटोचा तिला काय उपयोग? तिला उरला होता तो फक्त आवाज.

आणि नेमका तोच एल्मरच्या हातून गेला होता.

झालं असं, की कॉम्प्युटर जुना, रडतखडत चालायचा. काका अंथरुणाला खिळलेले असतानाच एल्मरने त्याची जुनी सिस्टीम काढून नवी टाकली. मशीन पळायला लागलं, पण आवाज बंद पडला. "येतो बघायला, येतो बघायला" म्हणता म्हणता काकाच गेले.

काका गेल्यानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा शेवटचा दिवस रविवारी होता. मावशीने निरोप पाठवला, "उद्या सगळे जमतील. त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय मी त्यांना निरोप द्यायची नाही."

एल्मर गेला. घर सामसूम. काकांच्या फोटोपुढे ताटलीत भाताची गोड वडी, पेल्यात उसाची दारू, शेजारी एक सिगरेट. मावशी बाहेरच्या खोलीत जपमाळ घेऊन बसलेली.

"आलास? मुकं करून गेलास ते गेलास. आता बोलतं कर."

"चिमटे काढू नकोस गं मावशी. करतो."

फाइली सगळ्या जागच्या जागी होत्या. त्याने एक लावली. पडद्यावर हिरवी पट्टी वरखाली नाचायला लागली.

आवाज मात्र... नाही.

हे नेहमीचंच दुखणं. सिस्टीम बदलली की आवाज कधीकधी भलत्याच वाटेने जातो. एल्मरने सेटिंग उघडलं. आवाज टीव्हीच्या वायरीने जात होता आणि टीव्ही तर जोडलेलाच नव्हता. त्याने स्पीकर निवडला.

काही नाही.

दुसरा स्पीकर लावला. हेडफोन लावला. आवाजाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मशीन बंद करून चालू केलं.

काही नाही.

वैतागून त्याने फाइल थांबवली.

पट्टी नाचतच राहिली...

एल्मर पुढे वाकला. नाचत होती ती स्पीकरची पट्टी नव्हती. माइकची होती. खोलीतलं बोलणं आत जातं, तेव्हा हलते ती.

माइक जोडलेला नव्हता. आणि खोलीत कुणी बोलत नव्हतं.

पट्टी वर गेली. खाली आली. थांबली... कुणी काही विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, तशी. मग पुन्हा सुरू झाली.

"मावशी, तू बोलते आहेस का?"

"मी कशाला बोलू? मनातल्या मनात जप चाललाय माझा."

तेवढ्यात स्पीकरमधून धाडकन आवाज झाला. एल्मर खुर्चीसकट मागे पडला.

आणि इथे त्याने एक चूक केली.

आमच्याकडे माणूस दचकला, पडला, की त्याचा जीव तिथेच मागे राहतो. मग निघताना आपलं नाव घेऊन त्याला हाक मारायची आणि बरोबर घरी न्यायचं. लहानपणी नदीवर पाय घसरला तरी आई आधी हेच करायची, मग धपाटा घालायची. एल्मर धडपडत उठला. मशीन काखोटीला मारलं. आणि सवयीने बोलून गेला, "चल. घरी चल. मागे राहू नकोस."

नाव घ्यायचं विसरला.

मावशीच्या हातातली माळ थांबली.

"कुणाला बोलावलंस रे?"

"कुणाला म्हणजे? मलाच."

"मग नाव का नाही घेतलंस? मयताच्या घरात बिननावाची हाक मारतात होय, गाढवा?"

एल्मर हसला. हसायला नको होतं.

घरी येऊन त्याने वायरी जोडल्या. सेटिंगला हातही लावला नाही. फाइल सुरू केली मात्र...

"पुरिता, ऐकतेस ना?"

काकांचा आवाज! खणखणीत. माझी बहीण नोरी, म्हणजे एल्मरची बायको, स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं बाई! काकाच की हो!" म्हणाली आणि रडायलाच लागली. एल्मरचा जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी तो मशीन घेऊन मावशीकडे गेला. सगळे जमले होते. मीही होतो. एल्मरने फाइल लावली.

शांत.

या खेपेला पट्टीसुद्धा हलली नाही...

लोक कुजबुजायला लागले. एल्मरला घाम फुटला. मावशी चिडली नाही. चाचपडत तिने त्याचं मनगट धरलं.

"मशीन राहू दे बाबा. काल दुपारपर्यंत ते घरात होते. पहाटे खोकायचे. चपला फरफटत न्हाणीपर्यंत जायचे. मी कुणाला बोलले नाही इतकंच. काल तू गेलास... आणि घर रिकामं झालं."

मग हळूच म्हणाली, "मी आवाज मागितला होता रे. तू माणूसच घेऊन गेलास."

एल्मरचं काय झालं असेल, विचारू नका.

प्रार्थना उरकल्यावर ती एल्मरच्या घरी आली. उंबऱ्यात उभी राहून तिने नवऱ्याला नाव घेऊन हाका मारल्या. "डेल्फिन, चला. आपल्या घरी चला." तशीच बोलत बोलत ती चालत परत गेली. दिवस मावळायच्या आत पुन्हा एल्मरच्या दारात उभी.

"नाही आले," म्हणाली. "हेच घर धरून बसलेत."

मग ती तिथेच राहिली. परत आणलेलं मशीन एल्मरच्या घरात पुन्हा बोलायला लागलं होतं. मावशी दिवसभर त्याच्यासमोर बसायची. हसायची. चार घास जास्त जेवायची. नोरीला बरंच वाटलं.

एके दिवशी दुपारी जेवताना मावशी म्हणाली, "पुलावर आपल्या गल्लीतल्या बर्नाबेची जीप उलटली. त्याच्या पोराचा पाय गेला म्हणे. वाईट झालं."

एल्मरला ही बातमी संध्याकाळी कळली.

"मावशी, तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? यांनी सकाळी पेपर वाचून दाखवला, त्यात होतं की."

सगळ्या फाइली काका जिवंत असतानाच्या होत्या. आणि जीप उलटली होती आमची जेवणं झाल्यावर, दुपारी तीनला...

दुसऱ्या दिवशी मावशी न्हाणीत गेल्यावर त्याने स्पीकर काढून कपाटात कोंबला. मशीनची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला.

मावशी केस पुसत आली. खुर्ची चाचपली. बसली.

मान जराशी कलती केली...

आणि ऐकायला लागली.

मध्येच हुंकार देत होती. मध्येच हसत होती. एल्मर दारात श्वास रोखून उभा होता. पायातली चप्पलही हलवली नव्हती त्याने.

मावशी काळ्या पडद्याकडे झुकली. तोंडावर हात धरून कुजबुजली,

"हळू वाचा. एल्मर दारात उभा आहे."

एल्मरने ते मशीन परत कधी जोडलं नाही. टाकूनही दिलं नाही, मावशी टाकू देत नाही. मी बहिणीकडे जातो, पण अंगणातूनच बोलून माघारी फिरतो. नोरी सांगते, मावशी आता जेवायलाही उठत नाही. उठवायला गेलं की हात झटकते. म्हणते, थांबा, यांचं वाचून व्हायचंय.

वाचून झालं की काय होणार, हे विचारायची आमच्यापैकी कुणाचीच छाती होत नाही.